साठ मीटरवरचं पोट

३ मार्च, सकाळी ६
आजपासून पोट माझ्या ताब्यात. तीन महिने जुलाब, म्हणजे निव्वळ शिस्तीचा अभाव. क्रेनची केबिन साठ मीटर वर. शिडी उतरायला नऊ मिनिटं. पोट चार मिनिटं आधी सांगतं. प्रश्न फक्त पाच मिनिटांचा.

५ मार्च
दोनदा धावत उतरलो. चहा बंद.

९ मार्च
दूध बंद. गहू बंद. ही म्हणाली, आता ताटही बंद करा, घासायचं तरी वाचेल.

१२ मार्च
तीन महिन्यांत वजन आठ किलो कमी. तब्येत सुधारतेय. शिट्टी, म्हणजे खालून मला सिग्नल देणारा, म्हणाला, काका, पँट कुणाची मागून आणलीत? जळतो.

१६ मार्च
हिने डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोड पाणी पाजून दर वीस मिनिटांनी नळीत फुंकायला लावलं. दमदार फुंकलो. रिपोर्ट उत्तम येणार.

१८ मार्च
लहान आतड्यात जंतूंनी वस्ती केली आहे. पोटाच्या जुन्या ऑपरेशनमुळे तिथे अन्न साचतं. आधी ते जेवतात, उरलेलं मला. चौदा दिवस गोळ्या, एकही चुकवायची नाही. तोवर क्रेनवर चढायचं नाही. हे साहेबांना सांगायची घाई नको. एकदा उतरलो की खुर्चीत दुसरा बसतो.

२२ मार्च
पोट शांत. चार दिवसांत जंतू पळाले. गोळ्या बंद. हिला सांगितलं नाही, उगाच काळजी करते.

२६ मार्च, दुपारी ३
अकरा वाजता बीम हवेत असताना कळ आली. भार लटकता ठेवून खुर्ची सोडायची नाही, हा पहिला नियम. सोडली. तरी शिडीवर अर्ध्यातच व्हायचं ते झालं. बीम वाऱ्यावर फिरत होता. खाली सात माणसं. शिट्टीने ओरडून, ढकलून त्यांना बाजूला काढलं. कुणाला लागलं नाही.

२७ मार्च
साहेबांनी कारण विचारलं. सिग्नल चुकला असेल, म्हणालो. त्यांनी शिट्टीला घरी पाठवलं. त्याची चूक नव्हती. माझीही नाही. जंतूंची.
जेवण गेलं नाही.

२८ मार्च
साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. शिट्टी उद्यापासून कामावर. केबिनमध्ये दुसरा.
डॉक्टरीणबाईंनी नव्याने चौदा दिवस दिले. गोळी हिने स्वतः तोंडात घातली. गिळेपर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, आ करा. जीभ वर.
केली.