लेशेकच्या वाटचा घोट

१० जुलै, ग्रुनवाल्ड
तंबू उभा राहिला. कंबर मोडली, पण राहिला! पिंपं सावलीत लावली. यंदाची मधाची दारू सोन्यासारखी उतरलीय. जुन्या लढाईचं सोंग आणायला कुठून कुठून माणसं येतात, पण प्यायची शिंगं भरून घ्यायला माझ्याच दाराशी.

आणि माझा जुना दोस्त लेशेक आला! दारूपायी इस्पितळात पडला होता, तेव्हापासून थेंबाला शिवत नाही. चिलखत आणलं नाही, नुसतं अंथरूण. "तुझ्याच तंबूत पडतो, झेनेक." पड की बाबा!

११ जुलै
संध्याकाळच्या बैठकीची काळजी. शिंग हातोहात फिरतं. हाती आलं की कुणाचं तरी नाव घ्यायचं आणि प्यायचं. खाली ठेवायची सोय नाही – शिंगाला बूड कुठलं? नको म्हणावं, तर ज्याचं नाव घेतलं त्याचा अपमान. लेशेकला बैठकीतून उठवणंही वाईट. माणूस एकटा पडला की खचतो.

युक्ती काढली. त्याच्या शेजारी मी बसायचं. नाव त्यानं घ्यायचं, घोट मी घ्यायचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मी तर अख्खा ओंडका!

रांधणारी याग्ना म्हणाली, "वा आजोबा! दुसऱ्याचं ओझं उचलायचं, तेही पोटात!"

१२ जुलै
काल जमलं. लेशेकनं आईचं नाव घेतलं, मी प्यालो. मग माझ्या वाटचा. पोरं ओरडली – "आजोबांना दोन पोटं आहेत!"

गुडघा सोललाय. तंबूच्या दोरात अडकलो असेन.

१३ जुलै
लढाई झाली. आपली बाजू जिंकली – दर वर्षी जिंकते.

दुपारी पिंपापाशी चव बघत होतो. लेशेक येऊन बसला. "पुन्हा?"

"तुझ्या वाटचंही मलाच प्यावं लागतंय ना, लेका!"

हसला नाही. "माझ्या वाटचं संध्याकाळी, झेनेक. सकाळपासून चाललंय ते कुणाच्या वाटचं?"

तोंडाला आलं ते बोललो. इस्पितळात तू पडलास, मी नाही!  पण तो उठून गेला नाही.

संध्याकाळी शिंग त्याच्या हाती आलं. म्हणाला, "झेनेकसाठी." मी हात पुढे केला. देईना! स्वतः पिईना, मला देईना, पुढेही सरकवेना. तसाच धरून बसला. हात अवघडला तरी सोडेना.  शेवटी मीच उठून तंबूत आलो.

१४ जुलै
पिंपं गाडीत चढवली. लेशेक म्हणाला, "गाडी मी चालवतो." चालव.

१५ जुलै
घरी. लेकीनं, दानूतानं, ताटं तीन मांडली होती. लेशेकची खाटही आधीच तयार.

"पोरी, हा येणार हे तुला कुणी सांगितलं?"

"मीच बोलावलं, बाबा. जत्रेच्या आधीच. म्हटलं, काका, बाबांजवळ राहा."

लेशेक मान खाली घालून सूप पीत होता. मी पाणी मागितलं.