दोन ठोक्यांची जागा

अण्णा,

पहिली गिटार मी घरीच केली, तुमच्या डोळ्यांदेखत. दांडी जुन्या पलंगाच्या सागवानी पाटीची. तिच्यावरच्या आडव्या पट्ट्या सायकलचे आरे कापून, घासून बसवलेल्या. ॲम्प्लिफायर भंगारातल्या रेडिओचा. पँट रिक्षाच्या सीटच्या काळ्या रेक्झिनची, आईच्या मशीनवर सुया मोडत मीच शिवलेली, आणि जाकिटावरच्या चंदेरी टिकल्याही माझ्याच हातच्या. विकत आणल्या त्या फक्त गिटारच्या तारा.

हे कुणी शिकवलं नाही. अभिमानानं सांगतो आणि रागानंही, कारण शिकवणारा माणूस घरातच होता. लग्नाच्या बँडचे मास्तर तुम्ही. गल्लीतल्या पोरांची बोटं धरून क्लॅरिनेटच्या भोकांवर ठेवायचात. मी मागं येऊन उभा राहिलो की मान न वळवता म्हणायचात, आत जा, अभ्यास कर. परक्यांच्या पोरांना सूर आणि मला भूगोल.

कॉलेजच्या गॅदरिंगला निघालो तो दिवस घ्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तुम्ही कोटाची सोडवलेली पितळी बटणं चिंचेनं घासताय. मी साखरेच्या पाण्यानं केस उभे केलेत, डोळ्यांत ताईचं काजळ आहे. असलाच अवतार करून वाजवणाऱ्या परदेशी बँडची कॅसेट ऐकून मी वेडा झालो होतो. त्या संगीताला ग्लॅम मेटल म्हणतात हेही मला फार उशिरा कळलं. तुम्ही वर बघितलंत.

"हे काय सोंग काढलंस?"

मी खुंटीकडं बोट केलं. तिथं तुमचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, वर तुऱ्याची टोपी. म्हणालो, "सोंग तर तुमचंबी हाय, अण्णा."

"माझं पोटासाठी हाय. तुझं कशासाठी?"

एवढं बोलून तुम्ही पुन्हा बटण घासायला लागलात. ऐकायला या, असं मी म्हणालो होतो. तुम्ही त्या दिवशी आला नाहीत, नंतरही नाही.

आम्ही चौघं, आणि आमचं एकच गाणं चाललं, 'घाटातली जीप'. शब्द माझे, चाल माझी; त्याची कॅसेटही आम्हीच काढली. मुंबईच्या स्पर्धेत लोक आमचे केस बघून हसले आणि गाणं ऐकलंच नाही. पुढं एकेक जण नोकरीला लागला, मी गारखेड्यात ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण वर्षातून एकदा वाजवायचं सोडलं नाही, आणि कन्नड तालुक्यातली माणसं यायची सोडली नाहीत. जीपा भरभरून येतात. आता टकलं पडलीत, पोटं सुटलीत, तरी पुढच्या रांगेत तीच. कन्नडला आम्ही कधी वाजवलं नव्हतं. तरी ते गाणं त्यांना पाठ कसं, असं कुणी विचारलं की मी मान ताठ करून सांगायचो, गाण्यात दम लागतो, साहेब.

एकच गोष्ट खुपायची. ध्रुपदाच्या आधी ही सगळी माणसं उजवा हात वर करून गप्प उभी राहायची. बरोबर दोन ठोके. मग एकदम ओरडून ध्रुपद उचलायची. माझ्या चालीत ती जागा नाही. कॅसेट कितीदा वाजवून दाखवली, भांडलो. शेवटी ड्रमर म्हणाला, तू एकटा बरोबर अन् हजार माणसं चूक, असं किती दिवस चालायचं? आम्ही थांबायला लागलो. मी दात खाऊन थांबायचो.

गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमानंतर त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाला, कन्नडच्या एका शेतकऱ्याला, विचारलंच. हा हात कुणी शिकवला? तो म्हणाला,

"तुमच्या वडलांनी की. माझ्या वरातीत वाजवलं हे गाणं. तिकडच्या सगळ्याच वरातींत वाजवायचे. मास्तरला दमा, तो लांब सूर झाला की श्वास पुरायचा नाय. हात वर करून ढोल थांबवायचे, दम घ्यायचे, मग पुढं. आम्हाला वाटलं गाणंच तसं हाय." मग हसून म्हणाला, "सुरू करायच्या आधी सांगायचे, माझ्या पोराचं गाणं हाय, नीट नाचा."

अण्णा, हे तुम्ही नवरदेवाच्या घोड्यापुढं सांगितलंत. घोड्याला ठाऊक होतं. कन्नडच्या वाजंत्र्यांना, आचाऱ्यांना, वऱ्हाडाला ठाऊक होतं. रोज रात्री माझ्या ताटाशेजारी ताट घेऊन बसायचात, तेव्हा भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोलायचात. आईलाही ठाऊक असणार, पण तीही तुमच्यामागं गेली. कॅसेट तुम्ही कधी ऐकलीत? माझी चाल कानानं उचलायला किती वेळा लावलीत? आणि तिसऱ्या ओळीतला कोमल स्वर बरोबर घेतलात का? हे आता कुणाला विचारू? ज्या माणसांच्या जोरावर मी आयुष्यभर मान ताठ ठेवली, ती माणसंसुद्धा तुम्हीच जमवून ठेवलेली निघाली. माझं म्हणून काहीतरी ठेवायचं होतंत.

हा कागद पोचवायची सोय नाही. असती तरी पाठवला नसता. तुम्ही वाचून घडी घातली असती आणि बटणं घासायला बसला असतात.

कार्यक्रमाची चित्रफीत बघून पुण्याच्या एका कंपनीनं मागच्या आठवड्यात 'घाटातली जीप' जाहिरातीसाठी मागितलं. अट एकच, ती दोन ठोक्यांची जागा काढायची, म्हणजे गाणं अगदी मी बांधलं होतं तसं. मी सांगितलं, तालाचं गणित बिघडतं. खोटं सांगितलं, गणित उलट सुधारलं असतं. साडेचार लाख देत होते. नाही म्हणालो.