नानांची माडी आणि माझं टोटल कन्व्हर्जन

१ जानेवारी २००२
नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प एकच. यंदा टोटल कन्व्हर्जन करायचं.

पुढे आपण कुठून सुरुवात केली ते माणूस विसरतो, म्हणून लिहून ठेवतो. डूम ही जुनी शूटर गेम. बोळाबोळातून पळायचं, राक्षस दिसला की गोळी घालायची. आता तिचं इंजिन तेवढं ठेवायचं आणि भिंती, राक्षस, बंदुका, आवाज सगळं आपलं घालायचं. याला म्हणतात टोटल कन्व्हर्जन. परदेशातली पोरं घरबसल्या करतात. मी त्यात आमची अख्खी राजुरी घालणार आहे. जगात पहिल्यांदाच.

संक्रांतीपर्यंत होईल. तसं आठवड्यातच झालं असतं, पण ओतूरचा कॉम्प्युटर क्लासही बघावा लागतो. क्लासला सध्या गर्दी नाही. ओतूरकरांना अजून दृष्टी नाही.

चहा सोडायचाही संकल्प केला होता. दुपारी मागे घेतला. एका वेळी एकच काम.

६ जानेवारी
आदेश पुण्याहून आला. कॉलेजातला मित्र. एक सीडी देऊन गेला. नकाशा काढायचं टूल, चित्रं बदलायचं टूल, आवाज बदलायचं टूल. म्हणाला, आधी मॅन्युअल वाच. आदेशला पहिल्यापासून वाचायची खोड. म्हणूनच तो आज दुसऱ्याकडे नोकरी करतो.

क्लासमधला त्यातल्या त्यात बरा कॉम्प्युटर घरी आणला. विद्यार्थ्यांना काय, टायपिंगच तर करायचंय.

९ जानेवारी
पहिली खोली तयार. आमचं स्वयंपाकघर. हुबेहूब. फक्त दार उघडत नाही. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आरं, चूल कुटंय? आन् बाहेर कसं पडायचं?"
तिला सांगितलं, हे टेस्टिंग आहे. ती म्हणाली, "मंग तू बस आतच. मी शेण काढायला जाते."

१४ जानेवारी
संक्रांत. 'संक्रांतीपर्यंत' म्हणजे याच संक्रांतीपर्यंत, असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

२३ जानेवारी
राक्षसांचं काम काढलं. एका राक्षसाला समोरून, बाजूने, पाठमोरा असे बरेच फोटो लागतात. गावात सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये घालायला फोटो हवेत. राक्षस वगैरे तपशील सांगितला नाही. सर्वसामान्य माणसाला टेक्निकल भाषा झेपत नाही.

माणसं लग्नाला निघाल्यासारखी आली. शेजारच्या वावरातले बहिरूतात्या फेटा बांधून आले. त्यांना म्हटलं, तात्या, चिडल्यासारखं करा, अंगावर धावून आल्यासारखं. त्यांनी हात जोडले आणि हसले. प्रत्येक फोटोत. पाठमोऱ्या फोटोतसुद्धा ते हसताहेत असं वाटतं.

आता माझा राक्षस हात जोडून हसत हसत अंगावर येतो. बघताना जास्तच भीती वाटते. योजनेत नव्हतं, पण कलावंताला असं सुचतं.

मूळ गेममध्ये राक्षस आगीचे गोळे फेकतो. मी टोमॅटो घातले. पिस्तुलाच्या जागी गोफण. मोठ्या बंदुकीच्या जागी फवारणीचा पंप.

३ फेब्रुवारी
शेवटचा, सगळ्यात मोठा राक्षस कोण, हा प्रश्न होता. चेहरा भारदस्त हवा, अंगाने थोराड हवा, आवाज घुमला पाहिजे. गावात असा माणूस एकच. नाना.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते, कुशाबा. वडील मुंबईला कामाला असतात, त्यामुळे इथलं घर, शेत, ओतूरचा गाळा आणि माझं लग्न ही चारही खाती नानांकडे. गाळ्यात माझा क्लास चालतो. म्हणजे चालू आहे.

नानांना म्हटलं, तुम्हाला मेन रोल दिलाय. नाना खूश. कोट घालून सगळ्या बाजूंनी फोटो दिले. आवाजासाठी पिशवीत टेप लपवून त्यांच्या ओसरीवर बसलो. तासाभरात ते एकच वाक्य बोलले. "ए लंके, च्या टाक!" पण काय आवाज! तेच घेतलं. आता मोठ्या राक्षसाची नजर आपल्यावर पडली की तो गरजतो, "ए लंके, च्या टाक!" अंगावर काटा येतो.

लंका म्हणजे लंकाकाकी, नानांच्या मंडळी.

११ फेब्रुवारी
नाना बघायला आले. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "माडी कुटंय?"

नानांनी गेल्याच साली स्लॅबचं घर बांधलं आणि वर माडी काढली. अख्ख्या आळीत एकच. आल्यागेल्याला आधी माडी दाखवतात, मग पाणी देतात. इथे अडचण अशी, की या इंजिनात खोलीवर खोली बसतच नाही. एका जागेवर एकच मजला. अमेरिकेतल्या लोकांनी माडीचा विचारच केलेला नाही. नानांना समजावलं. नाना म्हणाले, "येवढा शिकला, आन् तुला एक माडी टाकता येईना? गवंडी तिसरीत नापास झाल्याला व्हता, त्यानं टाकली."

फार लागलं. लगेच मार्ग काढला. माडी घराच्या वर बसत नाही तर शेजारी टाकली. पाच मिनिटांचं काम. नानांनी बघितली. खिडक्या मोजल्या, ग्रिलचा रंग बघितला. म्हणाले, "आता कसं! ह्याला म्हनत्यात शिक्षान."

२० फेब्रुवारी
बहिरूतात्या आले. नानांच्या घराशेजारी प्रत्यक्षात तात्यांचं वावर आहे, ही गोष्ट डिझाइन करताना माझ्या लक्षात होती. महत्त्वाची वाटली नव्हती. मधल्या बांधावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे.
तात्या म्हणाले, "माज्या वावरात कुशाबाची माडी कोनी टाकली?"
म्हटलं, तात्या, ही गेम आहे.
"गेमच हाय ही! लई मोठी गेम हाय! समद्यांचा सातबारा कॉम्पुटरवर चाललाय, मला म्हाईत नाय व्हय? आज हितं माडी दिसली, उद्या उताऱ्यावर दिसंल."
दोन दिवसांत हलवतो म्हणालो. हलवणारच आहे.

६ मार्च
गेमची क्रेझ! सकाळपासून दारात माणसं. रात्रंदिवस मेहनत घेतली की लोकांना कळतंच. कोणी म्हणतं, "भाऊ, माजा बांध वाईच पलीकडं घ्या की." कोणी म्हणतं, "आमची हीर चुलतभावाच्या हद्दीत गेल्याली दिसती, तेवढी आत घ्या." एक जण तर बेलापासून ओढ्यापर्यंत स्वतः पावलांनी मोजून आला होता. परदेशात खेळणारी माणसं अशाच सूचना पाठवतात म्हणे. कोणालाच नाही म्हटलं नाही. नकाशा आता मूळ राजुरीपेक्षा बराच मोठा झालाय. सगळ्यांच्याच जमिनी वाढल्या.

गोफण मारून बघायला मात्र अजून कोणी मागितली नाही. लाजतात.

१९ मार्च
आनंदाची बातमी. वारूळवाडीचं स्थळ. हर्षाली. लंकाकाकीच्या भावाची मुलगी, नारायणगावला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. नानांनीच जुळवत आणलंय. मंडळी सात एप्रिलला नानांच्या घरी येणार.

नानांनी स्वतःहून सांगितलं, कांदेपोहे झाले की कॉम्प्युटर दाखवायचा. "पावन्यांना कळू दे, पोरगं काय चीज हाय. आन् मी पन त्यात हाय म्हनून सांगितलंय."
हर्षालीसमोर माझं काम पडद्यावर येणार. कोणालाही सात जन्मांत एकदाच मिळणारी संधी.

२ एप्रिल
शेवटचा राक्षस बदलावा का, असा विचार आला. पण नानांचे फोटो काढून दुसऱ्याचे घालायचे म्हणजे दोन दिवस मोडणार. शिवाय शेवटापर्यंत कोण पोहोचतंय? खेळत खेळत मी स्वतः अजून पोहोचलेलो नाही. पहिल्या बोळातच तात्यांचे टोमॅटो खाऊन मरतो. गेम अवघड केली आहे, मुद्दामच.

माडी हलवायची राहिली आहे. कार्यक्रम झाला की हलवतो.

७ एप्रिल, संध्याकाळ
थोडक्यात लिहितो. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून नानांच्या ओसरीवर नेला. पाहुणे खुर्च्यांवर, गावातली माणसं पायऱ्यांवर, बहिरूतात्या तुळशीजवळ उभे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. माडी हलली का ते बघायला आले होते.

आत्याचंच घर, म्हणून पोहे हर्षालीनेच दिले, बसली. मी टोटल कन्व्हर्जनचा इतिहास सांगायला घेतला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ही गेम मी भावाबरोबर खेळलेय. आडवं सरकायचं बटण कोणतं ठेवलंय?"
मला माहीत नव्हतं. म्हटलं, ते सरप्राइज आहे.
तिने दोन-तीन बटणं दाबून शोधलं आणि निघाली. हात जोडून हसणारे तात्या आले. टोमॅटो सुटले. ती आडवी सरकली, गोफण मारली, तात्या पडले. पायऱ्यांवर हशा. तात्या स्वतः हसले. "नेम चांगला हाय पोरीचा," म्हणाले.

स्वयंपाकघराला वळसा घालून ती तात्यांच्या वावरात शिरली. तिथे माडी. नाना खुर्चीत पुढे सरकून पाहुण्यांना सांगू लागले, "ही आपली माडी. ग्रिल बगा, तीच." तात्यांचं हसू मावळलं.

हर्षालीने माडीचं दार उघडलं. आत नाना उभे होते. कोट घालून, छतापर्यंत. त्यांची नजर तिच्यावर पडली आणि ते गरजले,
"ए लंके, च्या टाक!"
आतून लंकाकाकी ओरडल्या, "टाकते, टाकते, दूध तापू द्या!"

पुढचं फार झटकन झालं. हर्षालीने फवारणीचा पंप काढला होता. नाना दोनदा गरजले, काकींनी दोनदा आतून उत्तर दिलं. तिसऱ्यांदा त्या चिडून ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि त्याच वेळी पडद्यावर त्यांचे मालक तात्यांच्या वावरात कोसळले. मूळ गेममध्ये मोठा राक्षस मरताना बरंच काही बाहेर पडतं. ते चित्र बदलायचं राहून गेलं होतं.

काकींच्या हातातून ट्रे सुटला. तात्या तुळशीजवळून ओरडले, "माज्या वावरात पाय ठिवला की आसंच व्हनार!"
नाना उठले. आधी तात्यांकडे गेले. चार माणसांनी मध्ये पडून सोडवलं. मग माझ्याकडे वळले. हळू आवाजात म्हणाले, "चांगदेवा, राक्षस मी हाय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. हर्षालीसुद्धा.

मी सांगितलं, की सॉफ्टवेअर आपलं आपण चेहरे निवडतं. शिवाय सीडी आदेशची आहे, त्याने काय घालून दिलंय मला काय माहीत. आणि मूळ दोष अमेरिकेचा.
पाहुण्यांनी चपला घातल्या.

एकंदरीत डेमो प्रभावी झाला. शेवटपर्यंत कोणीही जागचं उठलं नाही.

८ एप्रिल
नानांनी ओतूरच्या गाळ्याला कुलूप लावलं. नाहीतरी परीक्षांचे दिवस आहेत, विद्यार्थी येत नाहीतच.

१२ एप्रिल
वारूळवाडीचा निरोप लंकाकाकींनी आईला सांगितला, आईने मला. हर्षाली म्हणाली, "गेम चांगली होती. शेवटचा राक्षस तर झकासच. त्याने म्हटलं असतं की मीच केलंय, नानांचा चेहरा बघून मला सुचलं, तर मी हो म्हणाले असते. नानाही दोन दिवसांनी हसले असते. पण विचारल्याबरोबर त्याने सगळं सॉफ्टवेअरवर, मित्रावर न् अमेरिकेवर ढकललं. संसारात मी जवळ असणार. मग माझ्यावरच ढकलणार."

'गेम चांगली होती.' जाणकाराकडून आलेला पहिला अभिप्राय. झकास हा शब्दही वापरला आहे.

दुपारी जेवलो नाही. भूक नव्हती. उन्हाळाच तसा आहे.

१६ एप्रिल
देवळापुढे बैठक बसली. माझ्या नकाशावरून गावात आणखी तीन ठिकाणी बांध सरकवायला सुरुवात झाली होती म्हणे. मी विचारलं, यात माझा काय संबंध?

असं ठरलं, की गेम सगळ्यांसमोर पुसायची. कॉम्प्युटर पारावर आणला. वीज यायची वाट बघत सगळे बसून राहिले. आली तेव्हा मी पुसली. बहिरूतात्यांनी चष्मा लावून खात्री केली. नाना मागून म्हणाले, "तात्या, त्या डब्यात पन बगा, तिथं लपीवतंय ते." कित्येक वर्षांनी नाना तात्यांशी बोलले. तात्यांनी पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात बघितलं. तिथूनही पुसली.

मग दोघं एकाच कट्ट्यावर बसले. तात्या म्हणाले, "कुशाबा, पोरगं वाया गेलं तुमचं." नाना म्हणाले, "मी तर कवाचा म्हनतोय." दुसऱ्या कशावरही त्यांचं एकमत नव्हतं, पण तेवढ्यावरून सुरुवात झाली आणि तास-दीड तासात बांधाचंही मिटलं. जुन्या खुणेवर दगड लावायचे. अख्ख्या गावाला जे जमलं नाही ते एका गेमने केलं. माझं नाव कोणी घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण दगड कोणी वाहायचे ते ठरवताना.

२ मे
ओढ्यातून दगड आणतोय. नाना आणि तात्या बाभळीखाली बसून सांगतात. एक म्हणतो अलीकडं, एक म्हणतो पलीकडं. उचललेला दगड परत उचलावा लागतो. एवढं महत्त्वाचं काम दोघांनी दुसऱ्या कोणावर सोपवलं नाही, हेही लक्षात घेतलं पाहिजे.

पाणी प्यायला टेकलो तेव्हा नानांना म्हटलं, नाना, ते मीच केलं होतं. नाना म्हणाले, "म्हाईत हाय. दगड उचल."

तळहाताला फोड आलेत. पेन धरवत नाही.