लांबून दिलेली हाक

एटापल्ली,
१२ मार्च २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

इथलं नेटवर्क पुन्हा रुसलंय, म्हणून पत्र. लाखोळीची डाळ पोचली.

माझ्या इंग्रजीच्या वर्गात अजून चिडीचूप आहे. जोड्या लावून संवाद दिले, चित्रं दाखवली. पोरं हसतात आणि माना खाली घालतात. शेवटच्या वर्षाची सोमारी लिहिते झकास, पण मागच्या तोंडी परीक्षेत गप्प राहून नापास झाली. यंदाही नाही बोलली तर पदवी अडकेल, आणि तिचा भाऊ तिला घरी बसवणार आहे. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, सारे तोंडाकडे पाह्यतेत, मंग शब्दच येत नाई."

मी हट्टाला पेटले आहे. रविवारी तिच्यासोबत मोहफुलं वेचायला जाते.

आहे तेवढी माया राहू दे.
तुझी,
दिव्यानी

राजुरा,
२० मार्च

चि. दिव्यानीस,
अनेक आशीर्वाद.

मोहाच्या दिवसांत अस्वलं फिरतात, हे तुला कुणी सांगितलं नाही का? इथल्या कॉलेजात जागा निघाली आहे, ये निमूट परत. आणि तू कुणाला बोलतं करणार? पाहुणे आले की धानाच्या कोठीमागे लपायचीस आणि तिथूनच सगळी उत्तरं द्यायचीस.

जिवाला जप.
तुझी आई,
इंदुताई

एटापल्ली,
१७ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

कोठीची आठवण काढलीस, फार बरं झालं. मोह वेचताना पोरी झाडांआड असतात, पण अस्वलाला चाहूल लागावी म्हणून सारख्या एकमेकींना हाका मारतात. त्यात सोमारीचा आवाज सगळ्यांत मोठा. तुझं पत्र वाचलं आणि वर्गच मैदानात नेला. दोघं दोन टोकांना, पाठमोरे; बस कधीची, भाजी कसली, सगळं इंग्रजीत ओरडून. प्राचार्य वैतागले, मी हटले नाही.

काल तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांसमोर सोमारी पुन्हा गप्प. मग ती उठली, सरळ मैदानातल्या पळसापाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. सर बिचारे खिडकीतून ओरडून विचारू लागले. तिने एकही उत्तर चुकवलं नाही. पास झाली, आई.

शेवटी त्यांनी विचारलं, एवढ्या लांब का उभी आहेस. तेव्हा ती वळली आणि त्यांच्याकडे बघत खिडकीकडे चालत येताना इंग्रजीतच म्हणाली, "अस्वलाला कळावं, मी येते आहे."

राजुऱ्याच्या जागेचं आता विचारू नकोस. माया मात्र कर.
तुझी,
दिव्यानी