अक्सोरियस, टू अ फॉल्ट

जुन्नर,
९ डिसेंबर २०२४

प्रिय अक्षू,

कशी आहेस? आहुप्यात थंडी लई पडली असेल, तुझ्या शाळेतली पोरं शेकोटीजवळून हलत नसतील. तुला फोन लावून लावून दमले. तिकडे रेंज नाही हे माहीत असून लावतेय, म्हणजे बघ. शेवटी कागद घेतला. इकडे सगळे बरे आहेत, पप्पांचा गुडघा सोडून.

घोडेगावच्या स्थळाचं तुला मागे बोलले होते. कल्पेश, मोटारपंपाच्या स्पेअरपार्टचं दुकान, बायको आजारपणात गेली. मी तेव्हा म्हटलं होतं, जमो न जमो, मला काही पडलेली नाही. घटस्फोट झाल्यापासून सगळ्यांना असंच सांगते मी.

तर पप्पांनी चौकशी केली. कल्पेश आधी पुण्यात ज्या शेठकडे कामाला होता त्यांनाच फोन लावला, स्पीकरवर. शेठना इंग्रजी झाडायची भारी हौस. "पोरगा कामाला एक नंबर," म्हणाले, "पण अक्सोरियस होता. टू अ फॉल्ट." पप्पा आपले "अच्छा, अच्छा" करत राहिले. उभा जन्म बाजारपेठेत कापड विकलेला माणूस, समोरच्याला 'कळलं नाही' म्हणेल होय?

फोन ठेवल्यावर गुलाबभुवा म्हणाली, "दादा, सोरायसिस म्हणाले ते. माझ्या जावेला होता, अंगभर खपल्या." पप्पांना त्यातला 'फॉल्ट' तेवढा कळलेला, त्यामुळे त्यांचं लगेच जुळलं. मी मोबाइलवर शोधायला गेले, तर तो मेला मलमांच्या जाहिराती दाखवत सुटला. रविवारी बघायला येणार होते. पप्पा म्हणाले, आधीच नाही कळवून टाकू.

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन पुसलेलेच डबे परत पुसत बसले. असला सोरायसिस तर असू दे, त्यानं काय आभाळ कोसळतंय, असं अगदी ओठावर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर मनातलं कळलं असतं. हो, आवडलाय मला तो. एकदा फोनवर बोललोय आम्ही, तुला सांगितलं नव्हतं. रागावू नकोस.

मग भाजी आणते म्हणून निघाले ती थेट वृषाली मॅडमच्या घरी. आपल्याला नववीला इंग्रजी होत्या त्याच. त्यांनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला आणि मग इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसले. "अगं, लॅटिनमध्ये उक्सोर म्हणजे बायको. त्यावरून हा शब्द. बायकोवर नको तितका जीव टाकणारा. आपल्याकडे बाईलवेडा म्हणतात ना, तसला. कौतुकानं कुणी म्हणत नाही गं, टोमणाच असतो."

मी विचारलं, नवऱ्यावर जीव टाकणाऱ्या बाईसाठी कुठला शब्द आहे? त्या म्हणाल्या, "आहे एक, पण कुणी वापरत नाही. बाईनं तसं केलं तर त्याला वेगळं नाव द्यायची कुणाला गरजच वाटत नाही."

मी भाजी न घेताच घरी आले आणि पप्पांना शब्दाचा अर्थ सांगून टाकला. पप्पांनी शेठना परत फोन लावला. शेठ म्हणाले, "अहो, संध्याकाळी गिऱ्हाइकांची गर्दी, आणि हा सूर्य कलला की घरी पळायचा. बायको आजारी, ती अंधार पडल्यावर खायची नाही, म्हणून हा आधी जाऊन भरवायचा. किती बोललो, ऐकलं नाही." पप्पा हसले, लई दिवसांनी. "हा फॉल्ट आपल्याला चालतोय," म्हणाले. भुवा मात्र म्हणाली, "पोरगी डोक्यावर बसेल त्याच्या." बसेन की.

मला हसू आलं नाही, अक्षू. मी गच्चीवर जाऊन रडले. का ते मम्मीलाही माहीत नाही. सासरी, त्या घरात, मीही सूर्यास्तानंतर खात नव्हते. आमच्यासारखे तेही जैनच, पण पाळायचं कुणी नाही. पाहुणे, सासरे, दीर, सगळ्यांची पानं होईस्तोवर अंधार पडायचा, आणि मी पाणीही न पिता झोपायची. किती वेळा ते विचारू नकोस. कुणी हात उगारला नाही, म्हणून लोक विचारतात, मग सोडलं कशाला? काय सांगू? जेवायची राहिले म्हणून नवरा सोडला, असं सांगू?

काल घोडेगावचे आले. आम्हाला बोलायला बसवलं तेव्हा मी सरळ विचारलं, "त्या अजून तुमच्या मनात असतील ना?"

तो मग म्हणाला, "आहे. जायचीही नाही ती. खोटं कशाला बोलू? तुम्हाला चालत नसेल तर आत्ताच सांगा, मला राग नाही यायचा."

अक्षू, सोरायसिसपेक्षा मला याचीच भीती होती. आणि ऐकलं मात्र, छातीवरचा धोंडा उतरला बघ. गेलेली बायको ज्याला विसरता येत नाही, त्याच्या घरात मी असून नसल्यासारखी तर होणार नाही.

मी म्हटलं, "चालेल."

तुझी,
स्वतःच्या तोंडानं हो म्हणालेली,
रीना