हसीनाचे फुटबॉलचे अंक

सोमवार, ५ जानेवारी २०२६
"आहेत" असं कशाला म्हणाले मी!
शाळेतल्या मैत्रिणीचा, हसीनाचा फोन — कित्येक वर्षांनी. "उज्जे, माझे फुटबॉलचे अंक हायेत ना गं तुझ्याकडं? रूहीला दाखवायचेत. शाळेच्या टीममध्ये घेतलंय माझ्या पोरीला." आणि मी पटकन, "आहेत की! जातात कुठं?"
अडतीस वर्षांची बाई मी. शिनोलीच्या शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवते.

मंगळवार, ६ जानेवारी
वर्गात लक्ष नव्हतं.
तिचे वडील, सत्तारचाचा, फळांचे व्यापारी. पुण्याच्या मार्केटला गेले की येताना तिच्यासाठी रद्दीतून इंग्रजी फुटबॉलचे अंक आणायचे. चार-चार महिने शिळे! आम्हाला ताजेच. इंटरनेट कुठलं तेव्हा? जुन्नरला त्यांच्या ओट्यावर पालथं पडून, डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावायची. खेळाडूंची नावं आम्ही वाट्टेल तशी म्हणायचो. मधल्या पानाची पिन निघेल म्हणून हसीना अंक पुरता उघडूच द्यायची नाही. "आधी हात धू!" काय सुख होतं ते!
नववीत ती पुण्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, शिकायला गेली. तिथे जागा नव्हती, म्हणून चोवीसच्या चोवीस अंक माझ्या हवाली केले. "तुझ्याबिगर कुणाला देणार न्हाई मी."

बुधवार, ७ जानेवारी
लिहूनच टाकते.
त्याच डिसेंबरात आमच्या पिंपळवंडीच्या बागेत द्राक्षांच्या घडांना ऊन-दव लागू नये म्हणून कागद लावायचं काम चाललेलं. शेवटच्या दोन ओळींना वर्तमानपत्रं कमी पडली. हसीनाच्या अंकांचा गठ्ठा मीच नेऊन दिला. माझे वडील, बापू, म्हणाले, "चांगला कागद हाय, दवाला टिकंल. पर कुणाचं गं हे?"
"माझंच."
पानंही मीच फाडून दिली. ती मला सोडून गेली याचा राग होता, आणि बापूंनी शाबास म्हणावं असंही वाटत होतं. मे महिन्यात ती आली, तर अंकांचं नावही काढलं नाही तिनं. मला सुटल्यासारखं वाटलं. शी!

रविवार, ११ जानेवारी
पुण्याला रद्दीच्या दुकानात त्याच वर्षीचे पाच अंक मिळाले. बाकीचे वाळवीनं खाल्ले असं सांगायचं. एकावर मुद्दाम चहा सांडला. कोपरे चुरगाळले. पहिल्या पानावर तिचं नाव घातलं — ती लिहायची तसंच तिरकं.
पहिल्याच झटक्यात हुबेहूब जमलं. त्याचीच जास्त लाज वाटते.

रविवार, १८ जानेवारी
जुन्नरला हसीनाच्या घरी जाऊन देऊन आले. रूही तर तुटूनच पडली अंकांवर. "मम्मी, इसमें तेरा नाम है!" हसीनानं त्या नावावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं पाहत राहिली. मी वाळवीचं सांगितलं.
"असू दे. लई जपलंस गं," म्हणाली.
चहा अर्धाच ठेवून मी निघाले.

सोमवार, १९ जानेवारी
हसीनाचा मेसेज —
"त्या वर्षी अब्बा तुमच्या बागेत माल बघायला आलते. तू शाळेत व्हतीस. घडावरचं माझ्या अंकाचं एक पान त्यांनी घरी आणून मला दाखवलं व्हतं. तू आता तरी सांगशील, म्हणून फोनवर अंकांचं विचारलं व्हतं गं."