चेनला जवसाचं तेल

कौलखेड, अकोला

प्रिय ललित,

परवा तू व्हिडिओ कॉलवर तुझी मोटरसायकल दाखवायला सांगितलंस. मी फोन चाकाजवळ नेला, चेनजवळ नेला, सगळं चकचकीत. तू खूश होऊन म्हणालास, "बघ आई, कुणी हात लावला नाही म्हणून कशी नव्यासारखी राहिली!" तुझ्या रश्मीलाही हाक मारून दाखवलंस. मी मान डोलावली. मग तू पुढचा बेत सांगितलास. शुक्रवारी तू येणार, ट्रान्सपोर्टवाले गाडी ट्रकमध्ये घालणार, आणि घराला कुलूप लावून मीही तुझ्यासोबत पुण्याला येणार, कायमची. मी "बघू" म्हटलं. तू ते "हो" समजून फोन ठेवलास. पण शुक्रवारी तू गाडीचा मीटर पाहशील आणि तुला घेरी येईल, म्हणून सगळं आधीच लिहून कळवते आहे. खाली बसून वाच.

तू नोकरीसाठी गेलास तेव्हा मला बजावून गेलास की आठवड्यातून एकदा गाडी अंगणात सुरू करायची, पाच मिनिटांनी बंद करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही, हात लावला की वॉरंटी गेली. मी महिनाभर अगदी तसंच केलं. स्टँडवर उभी असलेली गाडी फुरफुरायची आणि मी शेजारी राखणदारासारखी उभी. एक दिवस मला माझंच हसू आलं. अरे, मी सगळी नोकरी लुनावर काढलेली बाई. ज्या गावांत शाळा होत्या तिथे मेकॅनिक कुठला? प्लग मीच साफ करायचे, ब्रेकही मीच आवळायचे, आणि खडूच्या हातांनी ग्रीस पुसायचे. गिअरच्या गाडीचं लायसन्स तुझ्या बाबांनी मला काढायला लावलं होतं, तेव्हापासून ते नुसतं नूतनीकरण होत होतं. तर मी गिअर टाकला. आधी फाटकापर्यंत, मग गोरक्षण रोडपर्यंत, आणि मग जुन्या शहरात माणिकबाईच्या दारात.

माणिकबाई तुला आठवते ना, मोर्णा नदीपलीकडची फुलवाली? तुझ्या लग्नाचे हार तिनेच केले होते. मला हेल्मेटमध्ये पाहून ती आधी ओळखीनाच. ओळखलं तेव्हा म्हणाली, "मास्तरीनबाई, ह्या वयात हे काय करून राहिल्या तुमी?" आणि लगेच, मी उत्तर द्यायच्या आत, "मले बसवता का मांगं?" तेव्हापासून आम्ही दोघी गाडीवर. तिला मंडीत सोडणं, भाजी आणणं, कधी नुसतंच विद्यापीठाच्या रस्त्याने झाडांतून फिरून येणं. एवढं फिरल्यावर गाडीकडे पाहावं तर लागणारच. हवा, ब्रेकची झीज, केबल, आरसे, सगळं मी रविवारी सकाळी पाहते. मी अंगणात बसले की शेजारचे सगळे कुंपणाशी येऊन सल्ले देतात, आणि मी एकाचंही ऐकत नाही.

आता मुख्य गोष्ट. कार्तिकात माणिकबाईला कौंडण्यपूरच्या यात्रेला जायचं होतं. मी यात्रेबित्रेला जाणारी नाही, हे तुला माहीत आहे. पण वर्धा नदीचा घाट मला पाहायचा होता, आणि तिला देव पाहायचा होता, तेव्हा वाटेबद्दल आमचं एकमत झालं. अमरावतीला तिच्या लेकीकडे, वर्षालीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी कौंडण्यपूर. निघायच्या आठवडाभर आधी पाहते तर चेन कोरडी ठणठणीत. घरात चेनचं तेल नाही. माणिकबाई म्हणाली, "जवसाचं तेल लावा ना. माह्या बापानं सारी बैलबंडी जवसाच्या तेलावर ठेवली. जू बी तसंच, दरवाजे बी तसेच, आजून लाकडाले भेग नाई." मला अगदी पटलं. माझ्या बाबांनीही आमच्या दाराला तेच लावलेलं मी पाहिलं होतं. तिने तेलघाण्यावरची बाटली आणली, आम्ही जुन्या टूथब्रशने कडी न् कडी न्हाऊ घातली. चेन अशी काही चमकली की आम्ही फोटो काढला. मग दिवाळीच्या फुलांच्या गडबडीत माणिकबाई अडकली आणि गाडी आठ दिवस उभी राहिली.

जवसाचं तेल लाकडावर वाळून कडक होतं, म्हणूनच तर लाकूड टिकतं. चेनवरही ते वाळून कडक होणार, हे दोन शहाण्या बायांच्या डोक्यात आलं नाही. निघालो तशी चेन कुरकुरत होती. मूर्तिजापूरपर्यंत तिच्यावर रस्त्याची सगळी धूळ चिकटली आणि कट-कट असा आवाज सुरू झाला. माणिकबाई मागून म्हणे, "तिले भूक लागली असंन." बडनेऱ्याला मी खाली उतरून पाहिलं तर कड्या वळायलाच तयार नाहीत, आखडून बसलेल्या. तुझी गाडी, तुझी वॉरंटी, आणि तू फोनवर काय बोलशील, सगळं डोळ्यांपुढे आलं. हळूहळू, कडेकडेने अमरावतीच्या शोरूमपर्यंत आणली.

तिथला फोरमन संघपाल म्हणून एक तरुण आहे. त्याने चेनला बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला. मग म्हणाला, "मॅडम, हे चेन हाये का जवसाची चटनी?" सगळं वर्कशॉप हसलं. सगळ्यांत जास्त माणिकबाई हसली, जिने बाटली आणली होती ती! मी मात्र गंभीरपणे वॉरंटीचं विचारलं. तो म्हणाला, "काहून घाबरता? चेन साफ करनं, तेल देनं, हवा पाहनं हे मालकाचंच काम हाये. त्यानं वॉरंटी नाई जात. इंजिन खोलू नका, सर्व्हिस टायमावर करा, बस. अन् तेल चेनचंच लावा, भाजीचं नाई." हे तुलाही ऐकवायचं होतं, म्हणून त्याच्याच शब्दांत लिहिलं. तुझ्या गाडीच्या दोन्ही सर्व्हिस मी वेळेवर करून घेतल्या आहेत.

त्याने चेन धुवायला पोराला हाक मारून बोलावलं, तर मी म्हटलं, थांब, ब्रश दे इकडे, ही माझी करणी आहे. इंजिन बंद ठेवून मी पाटावर बसले, माणिकबाई हाताने मागचं चाक फिरवत राहिली, आणि मी घासत राहिले. दुपार त्यातच गेली. ओढणीचा रंग पुन्हा दिसणार नाही. पण शेवटी एकेक कडी सुटी होऊन वळायला लागली, आणि चाक बोटाच्या धक्क्यावर गरगर फिरलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून माणिकबाईला मिठीच मारली, काळ्या हातांनी. तिच्या पातळावर माझे दोन्ही पंजे उमटले आणि तीच साडी नेसून ती देवाला गेली.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता मी तुला कसा सांगू! दोन्ही बाजूंना तूर फुलावर, हवा गार, आणि चेनचा आवाज म्हणून नाही. माणिकबाईने माझा खांदा घट्ट धरला होता. मला वाटलं घाबरली. मग माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मास्तरीनबाई, मी जिंदगीत पयल्यांदा रस्ता समोरून पाहून राहिली!" तिचा सगळा जन्म फुलांच्या टेम्पोत मागे पाय सोडून बसण्यात गेला. तिने नेहमी मागे पडणारा रस्ताच पाहिला होता. ती दर्शन घेऊन येईपर्यंत मी वर्धेच्या काठावर पायऱ्यांवर बसले, चहा घेतला, पाय पाण्यात सोडले. तुझ्या बाबांची आठवण आली. ते असते तर त्यांनी मला चेनवरून वर्षभर चिडवलं असतं. पण रडू आलं नाही रे. मला तिथे फार बरं वाटत होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तू गुणाचा मुलगा आहेस. माझे गुडघे, माझं एकटेपण, सगळ्याचा विचार करून तू अकराव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीस, रश्मीने पडदे निवडले. फोनवर मी काही बोलायला गेले की तू मला बोलणं पूर्ण करू देत नाहीस, आणि समोर आलास की तुझा चेहरा पाहून मी निमूटपणे बॅग भरीन, म्हणून कागदावर लिहिते. मला पुण्याला यायचं नाही. मला अकोल्यातच राहायचं आहे. मी इथे खूप मजेत आहे, ललित, आणि हेच सांगायची मला इतके दिवस लाज वाटत होती, कारण मुलगा दूर गेल्यावर आईने झुरावं अशी आपल्याकडे पद्धत आहे. मी झुरत नाही. तुझी आठवण रोज येते, आणि तरी मी मजेत आहे. शुक्रवारी तुझी गाडी खुशाल ने, ती ठणठणीत आहे. शनिवारी शोरूममधून माझी येणार आहे, लाल रंगाची, माझ्या नावाने. तेव्हा एक दिवस जास्त रजा टाकून ये आणि येताना तुझं हेल्मेट आण. गाडी मी बाहेर काढणार, तू मागे बसायचं.

तुझीच,
आई